पायवाटेसाठी बॅटरीवरची चेनसॉ निवडताना

पायवाटा मोकळ्या ठेवण्याच्या कामात करवत चालवण्यापेक्षा ती वाहून नेण्यातच जास्त वेळ जातो आणि चेनसॉ निवडताना नेमकी हीच गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वाटेवर आडवे पडलेले झाड कापून बाजूला सारायला काही मिनिटे पुरतात. त्यानंतर पुढचे झाड येईपर्यंत सगळे सामान पाठीवर घेऊन चालत राहावे लागते. दिवसभरात चेन प्रत्यक्ष लाकडात फिरते तो वेळ मोजला, तर तो पंधरा-वीस मिनिटांच्या पलीकडे क्वचितच जातो. म्हणूनच सरपणासाठी किंवा लाकूडतोडीसाठी करवत घेणारा माणूस ज्या कसोट्या लावतो, त्या आपल्याला जशाच्या तशा लावता येत नाहीत. त्याला एका जागी उभे राहून तासन्‌तास कापायचे असते. आपल्याला खूप चालून थोडेसे कापायचे असते. पायवाटांची देखभाल करणाऱ्या एका गटाबरोबर काम करताना आणि त्या गटासाठी यंत्रे निवडताना माझे जे मत बनत गेले, ते इथे सविस्तर मांडतो आहे. थोडक्यात ते असे की करवत आपल्याला हवीशी वाटते त्यापेक्षा एका मापाने लहान घ्यावी आणि वाचलेले वजन दुसऱ्या बॅटरीसाठी वापरावे.

पेट्रोलची चेनसॉ टाकाऊ झाली आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ऊर्जेच्या बाबतीत बॅटरी तिच्या जवळपासही येत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ हजार वॉट-तास ऊर्जा असते आणि तिचा बराच मोठा भाग इंजिनाच्या उष्णतेत वाया गेला, तरी उरलेला भाग करवतीला लागणाऱ्या कोणत्याही बॅटरीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक भरतो. मात्र तुटक-तुटक कामात या ऊर्जेचा फायदा पुरता पदरात पडत नाही. प्रत्येक झाडापाशी दोरी ओढून इंजिन सुरू करावे लागते, दोन कापांच्या मध्ये ते धूर सोडत नुसते चालू राहते, आणि तेल मिसळलेल्या पेट्रोलचा डबा सॅकमध्ये कितीही नीट बांधला तरी त्याचा वास डब्यातल्या जेवणापर्यंत पोहोचतो. बॅटरीवरची करवत मात्र ट्रिगर सोडल्याबरोबर गप्प होते आणि थांबलेली असताना तिच्यावर काहीच खर्च होत नाही. या शांततेचा खरा लाभ सुरक्षेचा आहे. दाबाखाली असलेले लाकूड तुटण्याआधी कुरकुरते, तडकते, आणि दोन कापांच्या मध्ये तो आवाज कानावर पडतो. शिवाय वाटेच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या सोबत्यांशी खुणांऐवजी शब्दांनी बोलता येते. असे असले तरी या यंत्रांचा आवाजही कापताना बहुधा ८५ डेसिबलच्या वर जातो, म्हणजे ज्या पातळीपासून कानांना संरक्षण घ्यावे असे सर्वत्र मानले जाते तिच्याही वर, तेव्हा कान झाकण्यातून सुटका नाही.

जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. विजेवरची चेनसॉ ही आजची फॅशन आहे असे पुष्कळांना वाटते, पण स्टिल कंपनीचे संस्थापक आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ मध्ये बनवलेली पहिली चेनसॉ विजेवरच चालणारी होती. ती इतकी जड होती की चालवायला दोन माणसे लागत. वायर नको असेल तर इंजिन हवे, ही परिस्थिती त्यानंतर कित्येक दशके टिकली. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि ब्रशलेस मोटरची (आत घासणारे ब्रश नसलेल्या मोटरची) तिला जोड मिळाली, तेव्हा कुठे हातात धरून जंगलात नेता येईल अशी विजेची करवत शक्य झाली.

आता खरेदीकडे वळू. दुकानात गेल्यावर सर्वांत आधी व्होल्टचा आकडा दाखवला जातो आणि सर्वांत जास्त गोंधळही त्याच आकड्याने होतो. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर सुमारे चार व्होल्टच्या थोडा वर असतो. पाच सेल एका ओळीत जोडले की एक कंपनी त्या बॅटरीला १८ व्होल्टची म्हणते आणि दुसरी तिलाच कमाल २० व्होल्टची म्हणते. दहा सेलची बॅटरी कोणाच्या पेटीवर ३६ असते तर कोणाच्या पेटीवर ४०. मकिता कंपनीच्या काही करवतींत १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ बसतात आणि ३६ व्होल्ट मिळतात. डिवॉल्टची ६० व्होल्ट आणि इगोची ५६ व्होल्ट ही नावेही कमाल पातळीकडे बघूनच दिलेली आहेत. सांगायचा मुद्दा असा की दोन पेट्यांवरचे व्होल्ट एकमेकांशी ताडून काहीच सिद्ध होत नाही. व्होल्टेज जास्त असले म्हणजे तेवढीच शक्ती कमी विद्युतप्रवाहात मिळते, तारा आणि मोटर कमी तापतात, हा फायदा खरा आहे. पण टाकीत किती भरले आहे, हे त्यावरून कळत नाही.

ते कळते वॉट-तासांवरून. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केले की वॉट-तास मिळतात: ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८० वॉट-तास आणि १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत त्याच्या बरोबर निम्मे. पुष्कळ बॅटऱ्यांच्या तळाशी हा आकडा बारीक अक्षरांत छापलेलाच असतो. आता मध्यम ताकदीची करवत पूर्ण भाराखाली दीड हजार वॉट खेचते असे धरले, तर १८० वॉट-तासांची बॅटरी तिला सात मिनिटे पुरेल. सात मिनिटे ऐकून माणूस दचकतो. पण धारदार चेनने वीतभर जाडीचा मऊ लाकडाचा ओंडका कापायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि सात मिनिटांत असे तीसेक काप सहज बसतात. एका आडव्या झाडाला साधारणपणे दोन मोठे काप आणि फांद्यांचे काही किरकोळ काप लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे आकडा वाटतो तितका केविलवाणा नाही.

जाहिरातीत मात्र वॉट-तासांऐवजी एका चार्जमध्ये इतके काप, असे लिहिलेले असते आणि हे काप बहुधा दहा सेंटिमीटर जाड आणि दहा सेंटिमीटर रुंद अशा चौकोनी, मऊ, वाळलेल्या लाकडाचे असतात. या आकड्याला आपल्या कामाच्या भाषेत आणण्याचा उपाय सोपा आहे, कारण करवतीला लागणारी ऊर्जा ढोबळमानाने कापाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढते. जाहिरातीतला एक काप म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. वीस सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा काप ३१४ चौरस सेंटिमीटरचा आणि तीस सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटरचा भरतो. म्हणजे पेटीवर शंभर काप लिहिले असतील, तर वीस सेंटिमीटरच्या ओंडक्यांचे बत्तीसच्या आसपास आणि तीस सेंटिमीटरच्या ओंडक्यांचे जेमतेम चौदा समजावेत. लाकूड कठीण जातीचे असेल किंवा चेन बोथट झाली असेल, तर त्याहूनही कमी. जाडी दीडपटीने वाढली की खर्च सव्वादोन पट होतो, हा हिशोब डोक्यात असला म्हणजे कोणत्या वाटेवर किती बॅटऱ्या न्यायच्या, हे निघण्याआधीच ठरवता येते. आमच्या गटात आधी फेरी मारून येणारा माणूस पडलेल्या झाडांची केवळ संख्या लिहून आणत असे. आता तो प्रत्येकाचा अंदाजे व्यासही लिहितो आणि त्याची ती वही कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

मोठ्या बॅटरीचा आणखी एक गुण आहे, जो सहसा सांगितला जात नाही. जास्त अँपिअर-तासांच्या बॅटरीत सेलच्या समांतर ओळी अधिक असतील, तर प्रत्येक सेलवर पडणारा भार विभागला जातो, व्होल्टेज कमी घसरते आणि तीच करवत त्याच लाकडात अधिक जोमाने चालते. लहान बॅटरी लावून एखादी करवत अशक्त ठरवणे म्हणूनच अन्यायाचे होईल. पण याची दुसरी बाजूही आहे: मोठी बॅटरी करवतीच्या मागच्या बाजूला लटकते, तोल बिघडवते, आणि संपली की एकदम सगळेच संपते. मला स्वतःला एका अवजड बॅटरीपेक्षा मध्यम आकाराच्या दोन बॅटऱ्या पसंत आहेत. एक करवतीत राहते, दुसरी सोबत्याच्या सॅकमध्ये जाते आणि पहिली अनपेक्षितपणे संपली किंवा तापून थांबली, तरी काम अडत नाही. पाठीवर बांधायची आणि वायरने करवतीला जोडायची मोठी बॅटरीही मिळते. बागेच्या कामाला ती उत्तम, पण झुडपांतून वाट काढताना ती वायर प्रत्येक काटेरी फांदीत अडकते.

वजनाच्या बाबतीत माहितीपत्रके फार चतुराईने लिहिलेली असतात. तळाशी बारीक टीप असते की दिलेले वजन बॅटरी, बार (ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते ती) आणि चेन वगळून आहे. बॅटरीचे सव्वा ते दीड किलो, बार आणि चेनचे अर्ध्या किलोच्या आगेमागे, शिवाय टाकीतले चेनसाठीचे तेल, एवढे सगळे मिळवले की तीन किलोची करवत पाच किलोच्या घरात जाते. त्यात दुसरी बॅटरी, पाचरी, कानस, तेलाची बाटली, संरक्षक पायघोळ (चेनपासून पाय वाचवणारी जाड विजार) आणि हेल्मेट धरा. म्हणून दुकानात वजन विचारू नये. बॅटरी घालून, बार चढवून, हातमोजे घालूनच करवत उचलून बघावी आणि ती कमरेच्या उंचीवर आडवी धरून मिनिटभर उभे राहावे. मनगट खाली ओढले जाते की वर, हे त्या एका मिनिटात समजते.

बारची लांबी हा असा विषय आहे की त्यावर प्रत्येकाला आपलेच खरे वाटते. पायवाटेच्या कामाला तीस ते पस्तीस सेंटिमीटरचा बार पुरतो, असे माझे ठाम मत आहे. तीस सेंटिमीटरच्या बारने पंचवीस सेंटिमीटरपर्यंतचा ओंडका एका बाजूने निर्धास्त कापता येतो आणि त्याहून जाड असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून काप पूर्ण करता येतो. चाळीस सेंटिमीटरचा बार दिसायला रुबाबदार असतो, पण त्या लांबीची चेन फिरवताना घर्षण वाढते, बॅटरी लवकर उतरते, आणि दाट झाडीत बारचे टोक भलत्याच फांदीला लागण्याची शक्यताही वाढते. बारच्या टोकाच्या वरच्या पाव भागाला लाकूड लागले की चेन तिथे अडखळते आणि करवत क्षणार्धात उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. चेनसॉच्या गंभीर अपघातांमागे हा उलटा धक्का मोठ्या प्रमाणावर असतो. अडचणीच्या जागी टोक आपल्या नजरेत राहील एवढाच बार असावा.

चेनबद्दल तीन गोष्टी माहीत असायला हव्यात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. लागून असलेल्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे केले की पिच मिळतो. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची, म्हणजेच ड्राइव्ह लिंकची, जाडी. बॅटरीच्या करवतींवर बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल (कमी उंचीच्या दातांची) पिचची चेन येते आणि तिचे गेज १.१ किंवा १.३ मिलिमीटर असते. यातली १.१ मिलिमीटरची बारीक चेन मला अधिक आवडते, कारण ती लाकडात अरुंद खाच पाडते, म्हणजेच कमी लाकडाचा भुसा करते, आणि तेवढी ऊर्जा वाचते. मर्यादित टाकीच्या यंत्राला हाच काटकसरीचा स्वभाव शोभतो. हे तीनही आकडे बारच्या मुळाशी कोरलेले असतात, पण वापराने पुसट होतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावेत. सुटी चेन सहज मिळणार नाही अशा अनोख्या मापाची करवत कितीही चांगली असली तरी घेऊ नये.

धारेचा विषय इथे टाळता येत नाही, कारण बोथट चेनची शिक्षा बॅटरीच्या करवतीला जास्त होते. पेट्रोलच्या यंत्रात ताकदीचा साठा एवढा असतो की धार गेली तरी माणूस रेटत राहतो. बॅटरीवर मात्र चार्ज डोळ्यांदेखत उतरू लागतो. आजच्या चेनचा दात १९४६ मध्ये लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांना सुचला. लाकूड पोखरणारी अळी आडव्या-उभ्या तंतूंतून सारख्याच सहजतेने डावी-उजवीकडे कुरतडत जाताना त्यांनी बघितली आणि डावे-उजवे दात एकाआड एक असलेली चेन बनवली. त्या रचनेत प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो आणि दात लाकडात किती खोल शिरेल हे तो उंचवटा ठरवतो. ३/८ इंच लो प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटर व्यासाची गोल कानस लागते. दाताच्या वरच्या कडेला सामान्यतः तीस अंशांचा कोन ठेवून, आतून बाहेरच्या दिशेने, प्रत्येक दाताला तितकेच दोन-तीन हात मारले की धार परत येते. धार आहे की गेली, हे भुशावरून ओळखता येते: धारदार चेन जाडसर तुकडे फेकते, बोथट चेन पिठासारखी पूड पाडते. वाटेवर दगडाला किंवा मातीला चेन घासली जाणे अटळ आहे, कारण आडवे झाड जमिनीला टेकलेले असते आणि त्याच्या सालीत धूळ भरलेली असते. म्हणून कानस तर हवीच, पण एक धार लावलेली चेनही सोबत असावी. रानात बसून दात घासण्यापेक्षा चेन बदलणे झटपट होते.

चेन बदलणे किती सोपे आहे, हेही त्यामुळे निवडीच्या वेळीच बघावे. काही करवतींना हाताने फिरवायची चकती असते आणि पान्याशिवाय चेन ताणता येते. घरगुती वापराला ही सोय छान, पण ओला भुसा आणि चिकट तेल यांचा लगदा चकतीच्या आत बसला की ती अडते किंवा आपोआप सैल पडते, असा माझा अनुभव आहे. मी पान्याने आवळायच्या नटांच्या बाजूने आहे आणि त्यातही झाकण काढल्यावर नट झाकणालाच अडकून राहतील अशी रचना असेल तर दुधात साखर, कारण पाचोळ्यात पडलेला नट पुन्हा सापडत नाही. दुकानात झाकण एकदा उघडून बघावे. आत स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) भुसा बाहेर पडायला मोकळी जागा आहे का, तेलाचे भोक कुठे आहे आणि ते काडीने साफ करता येते का, हातमोजा न काढता बॅटरीची कळ दाबता येते का, या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि बॅटरीवरचे व्होल्ट जे सांगत नाहीत ते सगळे तीत कळते.

तेलाची गळती ही या यंत्रांची जुनी खोड आहे. बॅटरीची करवत असली तरी बार आणि चेनला तेल लागतेच, आणि उभी-आडवी कशीही सॅकला बांधलेली करवत थोडेफार तेल ठिबकवतेच. लांब चालायचे असेल तेव्हा मी टाकी रिकामी ठेवतो आणि पहिल्या झाडापाशी भरतो. ओढ्याच्या किंवा पाणवठ्याच्या काठाने जाणाऱ्या वाटांवर वनस्पतिजन्य तेल वापरणे योग्य, कारण चेनवरचे सगळे तेल शेवटी जमिनीतच जाते. मात्र असे तेल करवतीत महिनोन्‌महिने राहिले तर घट्ट होऊन मार्ग बुजवते, तेव्हा हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी.

हाताच्या पंजाएवढ्या बारच्या चिमुकल्या करवती सध्या फार लोकप्रिय आहेत. दहा ते पंधरा सेंटिमीटरचा बार, वजन दीड-दोन किलो, आणि वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटायला त्या खरोखर सोयीच्या पडतात. तरीही पायवाटेसाठी एकच यंत्र घ्यायचे असेल, तर मी ती घेणार नाही. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत चांगली घडीची हातकरवतही जवळजवळ तितक्याच वेळात काम करते आणि तिला चार्ज लागत नाही. त्याहून जाड लाकूड आले की चिमुकली करवत धापा टाकू लागते. शिवाय अशा बहुतेक करवतींना चेन ब्रेक, म्हणजे उलट्या धक्क्यात चेन क्षणात थांबवणारा ब्रेक, नसतो आणि एका हाताने चालवण्याचा मोह होतो, तेव्हा दुसरा हात फांदी धरायला चेनजवळ जातो. वरच्या बाजूला मूठ असलेल्या करवतीही जमिनीवरच्या कामासाठी घेऊ नयेत. त्या झाडावर दोराने लटकून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी बनवलेल्या असतात, आणि त्या हलक्या असल्या तरी मागे मूठ असलेल्या करवतीसारखी दोन्ही हातांची घट्ट, फाकलेली पकड त्यांच्यावर मिळत नाही.

वाटेवरचे झाड सरळ, निवांत पडलेले क्वचितच असते. ते दोन्ही टोकांना टेकलेले आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरच्या बाजूला दाब आणि खालच्या बाजूला ताण असतो. वरून सरळ कापत गेले की खाच मिटते आणि बार चिमट्यात सापडतो. अशा वेळी वरून व्यासाच्या पाव-तृतीयांशापर्यंतच कापावे आणि बाकीचा काप खालून वर न्यावा. एकच टोक टेकलेले असेल, तर हा क्रम उलटा. खालून कापताना बारची वरची कड वापरली जाते आणि चेन करवतीला आपल्याकडे ढकलते, म्हणून मांड पक्की हवी आणि करवत हलकी हवी. लहान यंत्राच्या बाजूने माझे मत झुकण्यात या कापाचा मोठा वाटा आहे. बार अडकला की बॅटरीच्या करवतीतले इलेक्ट्रॉनिक नियंत्रण मोटर लगेच बंद करते, ट्रिगर दाबत राहून काही उपयोग होत नाही. प्लास्टिकच्या दोन पाचरी खिशात असाव्यात. लोखंडी पाचरीला चेन लागली तर दात गेलेच म्हणून समजा.

या यंत्रांच्या शांतपणाचा एक धोका आहे. पेट्रोलची करवत सुरू आहे हे तिचे इंजिनच सांगत असते, तर बॅटरीची करवत सुरू असूनही मुकी असते. त्यामुळे चेन ताणताना, अडकलेला भुसा काढताना, करवत दुसऱ्याच्या हाती देताना आणि चालताना बॅटरी बाहेर काढलेली असावी, असा नियम आमच्या गटात आहे आणि त्याला अपवाद नाही. संरक्षक पायघोळांबाबतही एक बारकावा आहे. आयएसओ ११३९३ या मानकात पायघोळांचे वर्ग चेनच्या वेगावरून ठरतात. पहिला वर्ग सेकंदाला २० मीटर वेगासाठी आणि दुसरा २४ मीटरसाठी. आतले लांब धागे स्प्रॉकेटमध्ये गुंतून चेन थांबवतात, ही त्यांची युक्ती. विजेच्या मोटरचा जोर कमी वेगातही टिकून राहत असल्यामुळे इंजिनाच्या करवतीइतक्या खात्रीने ते तिला थांबवतीलच असे गृहीत धरू नये. पायघोळ घालायचेच, पण त्याच्या भरवशावर पाय पुढे टाकायचा नाही.

हवामानाचा परिणाम बॅटरीवर होतो, करवतीवर तितकासा होत नाही. थंडीत क्षमता घटते, म्हणून कडाक्याच्या गारठ्यात राखीव बॅटरी जाकिटाच्या आत ठेवावी. शून्य अंशाखाली गारठलेली बॅटरी चार्जरला लावू नये, कारण त्या तापमानात लिथियम धातूरूपाने साचून सेल कायमचा बिघडतो. उन्हाळ्यात उलट होते, गरम झालेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जर ती स्वीकारत नाही. हंगाम संपल्यावर ती निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून सावलीत, कोरड्या जागी ठेवावी. यंत्रावर आयपीएक्स४ लिहिलेले असेल, तर ते सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसते, बुडणे नव्हे. ओढा ओलांडताना बॅटऱ्या जलरोधक पिशवीत असाव्यात. दूरच्या मोहिमेला विमानाने जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की १६० वॉट-तासांवरील सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी सामानातून नेता येत नाही, आणि १०० ते १६० च्या मधल्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते.

जंगलाच्या परवानग्यांबद्दल थोडेच सांगतो. बॅटरीची करवत धूर सोडत नाही, तिला तापणारे धुराडेच नसते, म्हणून वणव्याच्या दिवसांत ती तुलनेने कमी धोक्याची. पण त्यामुळे ती नियमांतून सुटते असे नाही. काही संरक्षित क्षेत्रांत यंत्राने चालणारी कोणतीही करवत वर्ज्य असते आणि तिथे हातकरवतीलाच वाव असतो. खरेदीआधी ज्यांच्या ताब्यात ती जमीन आहे त्यांना विचारून घ्यावे.

कंपनी कोणती, हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो बऱ्याचदा आधीच सुटलेला असतो. गटातल्या लोकांकडे ड्रिल किंवा गवत कापण्याचे यंत्र ज्या कंपनीचे असेल, तिच्याच बॅटरीवर चालणारी करवत घ्यावी. स्टिल, हस्कवार्ना, मकिता, मिलवॉकी, इगो या सगळ्यांच्या करवती कामापुरत्या चांगल्या आहेत, आणि चार जणांच्या बॅटऱ्या एकमेकांना चालणे ही सोय त्यांच्यातल्या उरलेल्या फरकांपेक्षा मोठी आहे. असे काहीच हाताशी नसेल, तर ३६ किंवा ४० व्होल्टच्या वर्गातली, तीस-पस्तीस सेंटिमीटर बारची, मागे मूठ आणि चेन ब्रेक असलेली, एका बॅटरीसह पाच किलोंच्या आत बसणारी करवत बघावी. पैसे एकदम नसतील, तर आधी करवत आणि एक बॅटरी, त्याच खेपेला पायघोळ, हेल्मेट आणि कानांचे संरक्षण, मग सुटी चेन आणि कानस, आणि त्यानंतर दुसरी बॅटरी, असा क्रम मी सुचवेन. पन्नास-साठ सेंटिमीटर जाडीचे बुंधे नेहमी आडवे येत असतील, तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून पेट्रोलची करवत किंवा दोघांनी ओढायची लांब करवत असलेल्या गटाला बोलवावे, आणि तोवर आपण त्या झाडाच्या आजूबाजूच्या फांद्या छाटून त्यांना उभे राहायला जागा करून ठेवावी.